'सिनाईच्या पायथ्याशी': तुलूझ-लॉत्रेकच्या शिळाछाप चित्रांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पुस्तक नेमकं कोणतं?

'ओ प्ये द्यु सिनाई'. मराठीत सरळ अर्थ 'सिनाईच्या पायथ्याशी'; सिनाई म्हणजे ज्यूंचा पवित्र डोंगर. लेखक जॉर्ज क्लेमांसो, चित्रकार आंरी द तुलूझ-लॉत्रेक, प्रकाशक आंरी फ्लुरी, पॅरिस, १८९८. विषय मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंचं जगणं: थोड्या कथा, थोडी प्रवासातली निरीक्षणं. मुखपृष्ठावर एक रंगीत शिळाछाप, म्हणजे दगडावर काढून त्यावरून छापलेलं चित्र, आणि आत दहा. याशिवाय चार चित्रं दगडावर काढून झाली, पण पुस्तकात घेतली नाहीत. संग्राहक त्यांना 'नाकारलेली' म्हणतात आणि अर्थातच त्यांच्याच मागे जास्त धावतात.

पुस्तक निघालं ३८० प्रतींचं. त्यातल्या २५ जपानी कागदावर, चित्रांचा एक जादा संच जोडून. उरलेल्या ३५५ वेलं नावाच्या गुळगुळीत कागदावर. म्हणजे पहिल्या दिवसापासूनच ही सामान्य वाचकाच्या हाती पडणारी वस्तू नव्हती.

क्लेमांसो म्हणजे पहिल्या महायुद्धातला तो फ्रान्सचा पंतप्रधान?

तोच. पण १८९८ मधला क्लेमांसो पडलेला पुढारी होता. पेशाने डॉक्टर, स्वभावाने भांडकुदळ. पनामा कालव्याच्या घोटाळ्यात नाव ओढलं गेलं आणि १८९३ च्या निवडणुकीत त्याची जागा गेली. मग पोट आणि डोकं दोन्ही चालवायला त्याने लेखणी धरली. बोहेमियातल्या कार्ल्सबादला, म्हणजे आजच्या चेक देशातल्या कार्लोव्ही व्हारीला, तो औषधी पाण्याच्या उपचारासाठी जात असे. तिथे त्याला पोलिश ज्यू भेटले, आणि तिथून तो पुढे गॅलिशियात जाऊन त्यांची गावंही पाहून आला. पुस्तकाचं मूळ त्या प्रवासात आहे.

त्याच वर्षी, १३ जानेवारी १८९८ रोजी, 'लोरोर' या दैनिकात एमिल झोलाचं ड्रेफस प्रकरणावरचं जाहीर पत्र पहिल्या पानावर आलं. त्याचं 'मी आरोप करतो' हे शीर्षक क्लेमांसोनेच सुचवलेलं. हे पुस्तक वाचताना आणि चित्रं बघताना ती तारीख डोक्यात हवी.

ड्रेफस प्रकरण दोन ओळींत सांगाल का?

आल्फ्रेड ड्रेफस हा फ्रेंच सैन्यातला ज्यू अधिकारी. १८९४ मध्ये जर्मनीला गुपितं विकल्याच्या खोट्या आरोपाखाली शिक्षा झाली, भर चौकात त्याच्या गणवेशावरची पदचिन्हं उचकटली गेली आणि त्याला दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळच्या डेव्हिल्स बेटावर धाडलं. तो निर्दोष होता हे मान्य व्हायला १९०६ उजाडलं.

दोन ओळींत मावत नाही ते असं: त्या काळात पॅरिसमध्ये जेवणाच्या टेबलावरची मैत्री तुटत होती. चित्रकारही वाटले गेले. देगा आणि रेन्वार ड्रेफसच्या विरोधात, मोने आणि पिसारो बाजूने. पिसारो स्वतः ज्यू, आणि देगाचा जुना स्नेही. त्यांचं बोलणं बंद झालं.

लॉत्रेक तर पॅरिसच्या मुलाँ रूझ या नाचघराचा आणि नर्तकींचा चित्रकार. तो या पुस्तकाकडे कसा वळला?

ओळखीतून. गुस्ताव्ह जेफ्रोआ नावाचा कलासमीक्षक क्लेमांसोच्या वर्तमानपत्रात लिहायचा, आणि १८९४ मध्ये इव्हेत गिल्बेर या गायिकेवरच्या अल्बमसाठी त्याने आणि लॉत्रेकने जोडीने काम केलं होतं. शिवाय लॉत्रेकचं उठणंबसणं नातांसों बंधूंच्या घरी. 'ला रव्ह्यू ब्लांश' हे नव्या विचारांचं मासिक चालवणारं ते कुटुंब ज्यू, आणि ड्रेफसच्या बाजूने उघड उभं राहिलेलं. लॉत्रेकने या मासिकासाठी १८९५ मध्ये पोस्टर केलं, तेही याच घरोब्यातून.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लॉत्रेक कट्टर राजनिष्ठ, कॅथलिक सरदार घराण्यातला. १८९२ मध्ये 'रेन द ज्वा' या कादंबरीच्या जाहिरातीसाठी त्याने काढलेल्या पोस्टरमध्ये एक टकला, सुटलेल्या पोटाचा सावकार आहे. तो ज्यू म्हणूनच ओळखू यावा असा काढला आहे, आणि कादंबरीही ज्यूद्वेष्टी होती. लॉत्रेकला हातात काम आलं की ते करायचं एवढंच कळे, असं त्याचे चाहते म्हणतात. मला ते अर्धंच पटतं.

तो गॅलिशियाला गेला होता का?

नाही. गाव पाहिलं ते क्लेमांसोने. लॉत्रेकने वाचलं आणि पॅरिसमधल्या ज्यू वस्तीत जाऊन चेहरे, दाढ्या, लांब कोट, टोप्या नजरेत साठवून घेतल्या. १८८० नंतर रशियातल्या दंगलींना घाबरून पळालेली कितीतरी कुटुंबं पॅरिसच्या मारे भागात येऊन राहिली होती, त्यामुळे नमुन्यांना तोटा नव्हता.

ही गोष्ट किरकोळ नाही. चित्रांत जिथे जिथे जागा दाखवायची वेळ येते तिथे लॉत्रेक हात आखडता घेतो. घरं, गल्ल्या, गावाचा परिसर जेमतेम दोन-चार रेषांत आटोपतो. माणूस आला की मात्र खडू जागा होतो. जे पाहिलं नाही ते त्याने फारसं रंगवलं नाही, आणि त्याच्या या कंजुषीवर माझा विश्वास बसतो.

गॅलिशिया म्हणजे स्पेनमधला प्रांत ना?

नावाची गल्लत. हा गॅलिशिया तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीचा भाग. आज त्याचा पश्चिम तुकडा पोलंडमध्ये, पूर्व तुकडा युक्रेनमध्ये.

दहा चित्रांत काय काय आहे?

सगळ्यांची यादी देत नाही. माझ्या लेखी जी महत्त्वाची आहेत त्यांबद्दल बोलतो.

पहिली कथा बॅरन मोईझची. पैशाने गडगंज, इतका की गरज म्हणजे काय हेच ठाऊक नाही, असा हा बॅरन हात पसरून भिकाऱ्याच्या वेशात उभा राहतो. लॉत्रेकने त्याला दोनदा काढलं आहे: एकदा नाट्यगृहातल्या खाजगी सज्ज्यात, एकदा भीक मागताना. सज्जा हा लॉत्रेकच्या हातखंड्याचा विषय, डोळे मिटून काढावा असा. म्हणूनच ते चित्र सफाईदार आणि थोडं रिकामं वाटतं. भिकारी जास्त बोलतो.

दुसरी कथा श्लोमेची, आणि पुस्तकातली हीच खरी कथा. बुस्क गावातला गरीब शिंपी श्लोमे फुस. सैन्यभरतीत गावाचा आकडा पुरा करायचा, तर श्रीमंतांची पोरं वाचवून समाजातले बडे लोक याला पुढे ढकलतात. काही वर्षांनी तो परत येतो तो फौजेत तयार झालेला गडी होऊन. आणि वर्षातल्या सर्वांत पवित्र दिवशी, योम किप्पूरला, सिनेगॉगात, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघरात, उभा राहून भरल्या सभेत हिशेब मागतो. आपल्याकडचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, या दिवसाला पूर्वी 'दारफाळणीचा सण' म्हणत: दार बंद करून उपासात, प्रार्थनेत बसायचं. त्या बंद दाराआड हा माणूस. शीर्षकात 'सिनेगॉगातला श्लोमे फुस' एवढंच आहे, पण कथा माहीत असली की चित्र बघणाऱ्याची मानही ताठ होते. अन्याय करणारे परके नाहीत, आपलेच आहेत, ही गोष्ट कोणत्याही गावात राहिलेल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही.

क्राकोच्या कापड बाजाराचं चित्र आहे. सुकिएनित्से नावाची ती लांबलचक इमारत आजही शहराच्या मुख्य चौकात उभी आहे. पण चित्रात इमारत शोधायला जाल तर निराश व्हाल. तिथे माणसंच आहेत. कार्ल्सबादच्या पाहुण्यांचं एक चित्र आहे, ते मी पटकन उलटतो. एकात खुद्द क्लेमांसो मेयर नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरसमोर बसला आहे. 'मला चाळिशी कशी लागली' अशा अर्थाच्या मिश्किल कथेसाठी ते काढलं. डॉक्टर असलेल्या लेखकाला रुग्णाच्या खुर्चीत बसवायची मजा लॉत्रेकने पुरेपूर घेतली आहे.

आणि पोलिश ज्यूंच्या प्रार्थनेचं चित्र. एकच निवडायला सांगितलं तर मी हे निवडीन. कथेची गरज नाही, कोणी बॅरन नाही, गंमत नाही. माणसं आपल्या कामात आहेत आणि आपण बाजूला उभे. कॅबरेत नाचणारीपेक्षा नाच संपवून दमून बसलेली बाई लॉत्रेकला नेहमीच चांगली साधली. इथे तीच नजर आहे. कोणी बघतंय याची फिकीर नसलेल्या माणसाकडे तो सर्वांत प्रामाणिकपणे बघतो.

बुस्कच्या दफनभूमीचं चित्र आहे म्हणतात. ती जागा आज आहे का?

आहे. बुस्क आता युक्रेनच्या ल्विव्ह प्रांतात आहे. तिथल्या ज्यू दफनभूमीतल्या एका शिळेवर १५२० सालची नोंद आहे. त्या भागातल्या सर्वांत जुन्या ज्यू थडग्यांत ती गणली जाते. लॉत्रेकने न पाहताच काढलेले ते दगड त्याच्या काळीही जुनेच होते.

गाव मात्र उरलं नाही, म्हणजे श्लोमेचं गाव. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी बुस्कच्या ज्यूंना ठार मारलं. २००६ मध्ये पात्रिक देबुआ या फ्रेंच धर्मगुरूच्या पथकाने गावकऱ्यांच्या आठवणी गोळा करून तिथल्या सामूहिक कबरी शोधल्या. त्या त्याच जुन्या दफनभूमीच्या आसपास निघाल्या. हे कळल्यावर ते चित्र पूर्वीसारखं बघता येत नाही. लॉत्रेकला त्यातलं काही ठाऊक असण्याचा प्रश्न नव्हता, तरीही.

खरं सांगा: ही चित्रं ज्यूंची टिंगल करतात का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. माझं उत्तर: काही ठिकाणी हो, बहुतेक ठिकाणी नाही, आणि मजकूर चित्रांपेक्षा जास्त दोषी आहे.

क्लेमांसो ड्रेफसच्या बाजूने लढला, पण बुस्कच्या रस्त्यावरच्या ज्यूंचं वर्णन करताना नाक, मळके कपडे, पैशाची हाव ही त्या काळची सगळी ठरलेली भांडी तो फडताळातून काढतो. लिहिता लिहिता त्याला त्या माणसांबद्दल माया वाटू लागते हेही खरं. शेवटी त्याचा सूर असा, की सत्ता ख्रिश्चनांच्या हाती आहे, त्यांनी आधी स्वतःला सुधारावं, मग ज्यूंना भिण्याचं कारण उरणार नाही. हेतू चांगला, नजर अर्धवट. आपल्याकडच्या जुन्या सुधारक लेखनात दलितांची, आदिवासींची वर्णनं वाचली असतील तर हा प्रकार ओळखीचा वाटेल: बाजू घ्यायची, पण उंबऱ्याबाहेर उभं राहून.

लॉत्रेकचं वेगळं आहे. अतिशयोक्ती हा त्याच्या हाताचा स्वभावच. इव्हेत गिल्बेरची हनुवटी आणि लांब मान त्याने अशी काढली की तिच्या जवळच्या माणसांना राग आला. स्वतःला तर त्याने कितीदा बेढब बुटका म्हणून काढलं. त्यामुळे इथली नाकं आणि दाढ्या बघून लगेच निकाल देऊ नये. पण 'तो सगळ्यांनाच तसं काढायचा' हे म्हणूनही सुटका होत नाही, कारण १८९८ मध्ये फ्रेंच रस्त्यांवर 'ज्यूंना मारा'च्या घोषणा चालू होत्या आणि व्यंगचित्रांतली तीच नाकं त्या घोषणांच्या कामी येत होती. मी एक साधी कसोटी लावतो: चित्रातल्या माणसाला नाव देता येतं का? श्लोमेला देता येतं. प्रार्थना करणाऱ्यांना, नाव ठाऊक नसलं तरी, देता येईलसं वाटतं. कार्ल्सबादच्या चित्रात ते जमत नाही. तिथे माणूस नसून नमुना आहे.

याच विषयावर एखाद्या ज्यू फ्रेंच चित्रकाराने शिळाछाप केले आहेत का?

केले आहेत, आणि ते शेजारी ठेवून बघावेत. आल्फोन्स लेवी, जन्म १८४३, पूर्व फ्रान्सच्या आल्झास भागातल्या मारमूतिए गावचा. लेओन काएंच्या १८८६ मधल्या 'ला व्ही ज्वीव्ह', म्हणजे 'ज्यू जीवन' या पुस्तकाची चित्रं त्याची. खेड्यातली आजी, सणाचा स्वयंपाक, प्रार्थनेला चाललेला म्हातारा. परक्याला जे 'दृश्य' वाटतं ते लेवीला आपल्या घरचं होतं. त्याच्या पुढच्या चित्रसंग्रहाला प्रस्तावना लिहिली बेर्नार लाझारने, म्हणजे ड्रेफससाठी सर्वांत आधी पुस्तिका काढणाऱ्या माणसाने.

गंमत अशी की पॅरिसमधल्या सुखवस्तू ज्यूंनी लेवीलाही नाकं मुरडली. आपली खेडवळ माणसं इतकी जाड, इतकी सुरकुतलेली जगाला कशाला दाखवायची? तेव्हा घरातला असला की प्रश्न सुटतो असंही नाही. कारागिरीत लॉत्रेक वरचढ आहे. पण मला त्या घरात जेवायला बसायचं असेल तर मी लेवीचं पान उघडीन.

शिळाछाप म्हणजे नेमकं काय? कोरीव काम?

कोरायचं काहीच नसतं, आणि हाच सगळ्यांचा गैरसमज. आलोइस झेनेफेल्डरने १७९० च्या दशकाच्या शेवटी बव्हेरियात ही पद्धत बसवली. तेल आणि पाणी एकत्र होत नाहीत, एवढ्या एका गोष्टीवर सगळा डोलारा. बव्हेरियातल्या झोल्नहोफेनचा बारीक कणांचा चुनखडीचा दगड घ्यायचा, घासून सपाट करायचा. त्यावर मेणचट काळ्या खडूने चित्र काढायचं. मग डिंकाच्या पाण्यात अगदी थोडं नायट्रिक आम्ल घालून ते पसरायचं. जिथे खडू नाही तिथे दगड पाणी धरून ठेवतो. ओल्या दगडावर तेलकट शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त खडूवर चढते. कागद ठेवायचा, दाबायचा. चित्र उलटं उमटतं.

मी शिकत होतो तेव्हा पहिले पंधरा दिवस फक्त दगड घासले. एक दगड दुसऱ्यावर, मध्ये वाळू आणि पाणी, गोल गोल. हात भरून आले. पण त्यामुळे एक कळलं: खडू दगडाला टेकतो तेव्हा तो पुरा बसत नाही, कणांच्या टोकांवरच चिकटतो. लॉत्रेकच्या रेषेत जो दाणेदारपणा दिसतो, कापडाच्या पोतासारखा, तो दगडाचा आहे. शिवाय त्याची एक आवडती युक्ती होती, ब्रशने शाईचे बारीक शिंतोडे उडवायची. दात घासायचा ब्रश अंगठ्याने ओढून रांगोळीला छटा देतात, तसंच.

शिळाछाप मराठी माणसाला नवा नाही. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मुंबईत दगडावर पंचांग छापलं, आणि १८९४ मध्ये सुरू झालेल्या रविवर्म्याच्या छापखान्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती कितीतरी देवघरांत पोचल्या. त्या बहुरंगी, एकेका रंगाला एकेक दगड. लॉत्रेकची पुस्तकातली चित्रं मात्र एकरंगी.

माझ्याकडे लॉत्रेकचं एक पान आहे. खरं आहे का, कसं ओळखायचं?

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. सारख्या अंतरावर ओळीने मांडलेले ठिपके दिसले तर ते नंतरच्या यंत्रावरचं पुनर्मुद्रण. वेडेवाकडे, एकमेकांशी न जुळणारे दाणे दिसले तर पुढे बोलू. चित्र साधारण १७-१८ सेंटीमीटर उंच असतं. हातभर मोठं असेल तर ते सजावटीचं पोस्टर आहे. वर्तुळातली एच-टी-एल ही जुळवलेली अक्षरं दगडावरच काढलेली असतात, त्यामुळे पेन्सिलीतली सही नाही म्हणून घाबरू नका, आणि वर्तुळ आहे म्हणून हुरळूनही जाऊ नका; पुनर्मुद्रणातही ते येतंच. जाणकार १९२० मध्ये लोईस देलतेलने केलेल्या सूचीतले २३५ ते २४९ हे क्रमांक सांगतात. विक्रेत्याने क्रमांकच दिला नसेल तर विचारा.

सुटं पान मिळालं की समजावं, कोणीतरी एक पुस्तक फाडलं आहे. पूर्ण प्रतीपेक्षा पानं वेगवेगळी विकण्यात पैसा जास्त, म्हणून हे चालतं.

लॉत्रेकची उंची खरंच…

मांडीची दोन्ही हाडं लहानपणी मोडली, पाय वाढले नाहीत, ३६ व्या वर्षी १९०१ मध्ये वारला. या चित्रांशी त्याचा काही संबंध नाही.

ही चित्रं लेखात किंवा वर्गात वापरता येतील का?

येतील. लॉत्रेकला जाऊन सव्वाशे वर्षं होत आली. मूळ चित्रांवर कोणाचा हक्क उरलेला नाही. अनेक मोठ्या संग्रहालयांनी मोठ्या आकाराच्या प्रतिमा विनामूल्य खुल्या केल्या आहेत, त्या घ्या. मूळ कामाचा सर्वांत मोठा साठा मात्र फ्रान्समधल्या आल्बीला, त्याच्या जन्मगावी, जुन्या बिशपवाड्यातल्या संग्रहालयात आहे.

मराठीत ज्यू जीवनावरचं असं सचित्र काही आहे का?

आहे, आणि ते लॉत्रेकच्या आधीचं आहे. कोकणातल्या बेने इस्राएल समाजासाठी १८४६ मध्ये मुंबईत हगादा, म्हणजे वल्हांडण या ज्यू सणाच्या रात्री घरी वाचायची पोथी, हिब्रू आणि मराठीत शिळाछाप निघाली. पुढे १८७४ मध्ये पुण्यात तळकर मंडळींनी काढलेल्या हगाद्यात बेखमीर भाकऱ्या करणाऱ्या बायका आहेत, आणि त्यांच्या अंगावर लुगडी आहेत. न पाहिलेल्या गावाचं चित्र काढायची वेळ त्या चित्रकारावर आली नव्हती.

आमच्या घरी तशीच एक जुनी पोथी आहे. पानं पिवळी पडली आहेत. काय करू?

चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. खाकी कागदात किंवा वर्तमानपत्रात गुंडाळली असेल तर आधी ते काढा. त्यातलं आम्ल पानांत उतरतं. आम्लविरहित कागदात ठेवून आडवी ठेवा, उभी नको. मोबाइलवर दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत फोटो काढून घ्या. मागच्या कोऱ्या पानांवर कोणी जन्म-मृत्यूच्या नोंदी केल्या असतील, त्यांचेही काढा. छापलेल्या भागाच्या आणखी प्रती कुठेतरी सापडतील. त्या नोंदींची दुसरी प्रत नसते.